खोडलेली बरोबर उत्तरं

मी एक खोडरबर. खरं सांगायचं तर अर्धा खोडरबर, कारण उरलेला अर्धा सातवीच्या गणितात गेला. आत्मवृत्त सांगणारी थोर मंडळी चंदनासारखी झिजलेली असतात. मी रबरासारखाच झिजलो, आणि त्यातून कुणाचं फार भलं झालं असंही नाही.

कारखान्यात मी एका लांबलचक पांढऱ्या पट्टीचा तुकडा होतो. कापलं, कागदी सदरा चढवला, खोक्यात भरलं. दुकानातल्या बरणीत माझ्या शेजारी फळांच्या आकाराचे सुवासिक खोडरबर होते. ते हातोहात खपायचे. मी आपला चौकोनी आणि बिनवासाचा. एका आईने मला उचललं, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "नीट खोडतो ना? नक्की?"

या शब्दाशी माझी ओळख झाली ती अशी.

घरात तिघं. आई औषधांच्या दुकानात कामाला. चुकीची गोळी चुकीच्या माणसाच्या हाती पडू नये म्हणून प्रत्येक पाकीट देण्याआधी ती सहकाऱ्याला विचारायची, "नक्की?" बाबा इमारतींच्या लिफ्ट तपासायचे. मदतनिसाने बोल्ट आवळला की वरून बाबांचा आवाज यायचा, "नक्की?" या सवयीमुळे किती माणसं वाचली असतील, देव जाणे. फक्त संध्याकाळी घरी येताना दोघं चपला दाराबाहेर काढायची, हा शब्द मात्र घरात घेऊन यायची.

आणि घरात होती टिंगू. लहानपणी चणीने एवढीशी म्हणून हे नाव पडलं. आता ती उंचीने आईच्या कानापर्यंत पोचली तरी नाव काही वाढलं नाही. मी तिच्या कंपासपेटीत राहायचो. ती मला कर्कटकाने टोचायची, माझ्या पोटावर डोळे-नाक काढायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ती मुलगी मला आवडायची.

एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती. तीन चतुर्थांश अधिक एक षष्ठांश. तिने छेद सारखे केले आणि लिहिलं अकरा द्वादशांश. अगदी बरोबर. तेवढ्यात बाबा पाण्याचा ग्लास घेऊन मागून गेले.

"नक्की?"

बाबांच्या आवाजात राग नव्हता. तो लिफ्टच्या बोल्टला विचारायचा साधा प्रश्न होता. पण टिंगू काही बोल्ट नव्हती. तिने मला उचललं, उत्तर पुसलं, थोडा विचार केला आणि वरच्यात वरचा, खालच्यात खालचा आकडा मिळवून चार दशांश लिहिलं.

बाबा वाकले. "बघ. मला वाटलंच होतं."

मी ओरडायला हवं होतं, पण खोडरबराला तोंड नसतं. जे पुसलं ते माझ्याच अंगाला चिकटलेलं होतं. असं रोज होऊ लागलं. उत्तर चूक असो की बरोबर, प्रश्न तोच आणि सूरही तोच. पोरीने त्यातून एकच अर्थ काढला: विचारलं म्हणजे चुकलं. शेवटी परीक्षेच्या वर्गात, जिथे विचारायला कुणीच नव्हतं, तिथेही ती स्वतःच्या मनात विचारू लागली आणि मला राबवू लागली. पन्नासपैकी एकवीस गुण पडले.

मग घरात बैठक बसली. उन्हाळ्याच्या सुट्टीत गणिताचा क्लास लावायचा की नाही?

"पाया कच्चा राहिला की पुढे सगळंच डळमळतं," बाबा म्हणाले.

"पण वर्षभर शाळा आणि सुट्टीतही तेच? जीव नकोसा होईल तिला."

"एकवीस गुण आहेत."

"ते बघितलेत मी. नक्की काय येत नाही तिला, ते तरी कळलंय का?"

हा त्या घरात 'नक्की'चा पहिला आणि शेवटचा योग्य वापर. त्याकडे अर्थातच कुणी लक्ष दिलं नाही.

टिंगू बाजूला बसून स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाला पीळ देत होती. तिची मावशी दुसऱ्या गावी सायकली दुरुस्त करते. या सुट्टीत एक चाक, तारा ओवून सरळ फिरेपर्यंत, टिंगूने एकटीने बांधायचं असं ठरलं होतं. वर्षभर पोरगी त्याच एका गोष्टीवर जगत होती. क्लास लागला तर ते चाक गेलं. पण तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर पुढचा प्रश्न कोणता आला असता हे तिला ठाऊक होतं.

शेवटी शनिवारी तिघं क्लासच्या सरांकडे गेली. सर प्रवेशाआधी प्रत्येक मुलाची चाचणी घेत. आईबाबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि टिंगूला पेन दिलं. "माझ्याकडे खोडायचं नाही. चुकलं वाटलं तर एक रेघ मारायची आणि पुढे लिहायचं."

माझा असा अपमान आजवर झाला नव्हता. तिने मला मुठीत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने लिहायला लागली.

सरांनी कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. "हे उत्तर बरोबर होतं. का कापलंस?"

"चुकलं असेल असं वाटलं."

"आणि हे? आणि हे?"

टिंगूने मूठ आणखी आवळली. तिच्या घामाने मी ओला झालो होतो. तिने कापलेली उत्तरं बरोबर धरून सरांनी पुन्हा मोजणी केली, मग आईबाबांना आत बोलावलं.

"हिला क्लासची गरज नाही. वजा चिन्हाचा थोडा घोळ आहे, तो घरी आठवड्यातून एकदा बसलात तरी निघून जाईल. बाकी हिला येतं. हिचं पहिलं उत्तर पुसलं जातं, एवढीच अडचण आहे."

आई खुर्चीत पुढे सरकली. "नक्की, सर?"

"म्हणजे अगदी नक्की ना?" बाबांनी री ओढली.

सरांनी चष्मा काढला. कागद उलटा केला, सुलटा केला. "तसं म्हटलं तर... पुढचं वर्ष जड असतं. महिनाभर येऊन बसली तर नुकसान काहीच नाही."

टिंगू त्यांच्याकडे बघत राहिली. आयुष्य गणितात घालवलेला माणूस तिच्या डोळ्यांसमोर तेच करत होता, जे ती रोज करायची. तिने मूठ उघडून मला टेबलावर ठेवलं.

"सर, तुमचं पहिलं उत्तर बरोबर होतं."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. "होतं खरं," ते म्हणाले. बाबांनी तोंड उघडलं, आईने त्यांच्या पायावर पाय दिला आणि बाबांनी ते मिटलं.

टिंगू मावशीकडे गेली. मी सरांच्या टेबलावरच राहिलो. ती मला न्यायला विसरली, आणि हे मी अभिमानाने सांगतो. सरांनी आता मला टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवलंय. जन्मभर पुसापुशी केल्यावर निदान काहीतरी स्थिर ठेवायला मिळालं.

जाता जाता एक मागणं. पोरांना विचारायचं ते जरूर विचारा. पण उत्तर बरोबर असेल तेव्हा "बरोबर आहे" एवढं म्हणून टाका. तुमचं काही झिजत नाही. माझ्या भावंडांना मात्र त्यामुळे चार दिवस जास्त जगता येतं.