घारीचं पहिलं बाळंतपण

आमच्या घरात ‘योग्य वयात’ आई झाले ती मी, आणि मरता मरता वाचले तीही मीच. चोविसाव्या वर्षी मला लेक झाली. सासूबाई बाहेर सगळ्यांना सांगत होत्या, “वेळच्या वेळी झालं हो सगळं,” आणि आत माझा रक्तस्राव थांबता थांबत नव्हता. तेव्हापासून दुधाला जरा वेगळा वास आला तरी मी पातेलं ओतून टाकते. घरातले मला घाबरगुंडी म्हणतात. म्हणोत बापडे.

थोरल्या जाऊबाईंचं सगळं माझ्या उलट. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “अहो-जाहो करू नकोस, मी काय तुझी साहेब आहे?” तेव्हापासून ती माझी ताई आणि मी तिची धाकटी. ताई उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवते. शिडीने चढून आभाळाला टेकलेल्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसाच्या इशाऱ्यावर लोखंडी तुळया अलगद उचलून अलगद ठेवायच्या. कामावर तिला ‘घार’ म्हणतात. भरलेल्या पेल्यातला थेंबही सांडू न देता ती आकडा फिरवते, असं तिचे सहकारी सांगतात, आणि ती हातात चहाचा कप घेऊन घरात वावरते तेव्हा मला ते पटतं.

छत्तिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा दिवस गेले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

“आता सुचलं का? एवढी वर्षं काय झोपला होतात?”

“नाही आई, क्रेनवर होते,” ताई म्हणाली.

ताईचे यजमान, आमचे भावजी, पोट धरून हसले. मी हसले नाही. मी रात्रंदिवस वाचत होते, तिशीनंतर काय काय होऊ शकतं ते. ताईनेही वाचलं होतं, पण तिची तऱ्हा वेगळी. क्रेन सुरू करण्याआधी दोर, आकडा, ब्रेक, वारा असं एकेक तपासतात, तशी ती डॉक्टरीणबाईंकडे जायची. रक्तदाब झाला? साखर झाली? बाळाची वाढ? एकही तपासणी तिने चुकवली नाही, आणि तपासणी संपली की काळजी तिथेच ठेवून घरी यायची. मला हे आजवर जमलेलं नाही. पोट दिसायला लागल्यावर तिने शिडी सोडली आणि जमिनीवर उभी राहून नव्या चालकांना शिकवायला लागली. वरिष्ठांनी सांगायच्या आधीच.

एकदा मात्र मी तिला उगाच दवाखान्यात पळवलं होतं. दुपारभर बाळ हललं नाही म्हणून. तिथे पोचलो आणि त्याने अशा लाथा झाडल्या की नर्सलाही हसू आलं. “झोपू द्या की हो त्याला जरा,” सासूबाई महिनाभर ऐकवत होत्या. मी मनाशी ठरवलं होतं, आता पुन्हा तोंडघशी पडायचं नाही.

शेवटचा महिना लागला होता. ताईने शिकवलेल्या एक चालक बाई त्या दिवशी पहिल्यांदाच एकटीने तुळई उचलणार होत्या. या एका दिवसासाठी ताई रजा पुढे ढकलत आली होती. घरी विसरलेला डबा द्यायला मी गेले, तर ताई शिरस्त्राण घालून, गळ्यात शिट्टी अडकवून उभी. पायात भावजींच्या चपला, तिच्या स्वतःच्या सुजलेल्या पायांत शिरेनात म्हणून. चेहरा असा सुजलेला, की डोळे आत गेल्यासारखे वाटले.

“झोप नाही झाली का ग?”

“डोकं धरलंय सकाळपासून. आई म्हणाल्या, ऊन लागलं असेल.”

“आणखी काही?”

“मध्येच डोळ्यांपुढे ठिणग्या येतात. वेल्डिंगकडे बघितल्यासारख्या.”

ती उजव्या बरगडीखाली हात दाबून बोलत होती. हे सगळं मी वाचलं होतं. पण मागच्या वेळचं ते हसंही कानात होतं. बाळाने लाथ मारली असेल. ऊन असेलही. आजचा दिवस तिचा आहे, मी कोण मोडता घालणारी? वर तुळई जमिनीपासून सुटली होती, बांधकामावरची सगळी माणसं माना वर करून बघत होती, आणि मी तिथे डबा धरून उभी.

“ताई, थांब.”

आवाज इतका बारीक निघाला, की तिला ऐकू गेला असेल असं वाटलं नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग इशारा करून तुळई हळूहळू खाली घेतली, लाकडी ठोकळ्यांवर टेकवली, साखळ्या सैल झाल्याची खात्री केली आणि शिट्टी काढून शेजारच्या मुकादमाच्या हातात दिली.

“पुढचं तुम्ही बघा. मी दवाखान्यात निघाले.”

“अहो घार, दहा मिनिटांचं काम राहिलंय!” मुकादम म्हणाला.

“तिने थांब म्हटलंय.”

“त्या कोण?”

“कुणी का असेना. उचल म्हणायचा अधिकार एकाचाच. थांब कुणीही म्हणावं, मग आधी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. तुम्हीच शिकवलंत ना मला?”

शिट्टी दुसऱ्याच्या हाती देऊन मुकादमाने स्वतःच गाडी काढली.

वाटेत मी रडवेली होऊन म्हणाले, “ताई, या वेळीही काही नसलं तर?”

“तर घरी जाऊन जेवू. डबा आहेच.”

दवाखान्यात रक्तदाब बघून नर्सने दुसऱ्यांदा पट्टा बांधला, आणि मग पाय न वाजवता पण भराभर चालत डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. लघवीत प्रथिनं सापडली; गरोदरपणात रक्तदाब चढतो तोच हा आजार. वेळेवर आलात, त्या म्हणाल्या. झटके आले असते तर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं. सलाइन लावलं, औषधं सुरू झाली, बाळ आजच बाहेर काढायचं ठरलं. भावजी शाळेतून धावत आले, हाताला खडूची भुकटी तशीच. सासूबाई आल्या त्या बोलतच, “तरी मी म्हणत होते, हे काय वय आहे...”

“आजी,” डॉक्टरीणबाईंनी सही करता करता वर पाहिलं, “वय काही मागे नेता येत नाही. तिशीनंतर पहिलं मूल असलं की जरा जास्त लक्ष ठेवावं लागतं, एवढंच. तसं ठेवलं की बहुतेक सगळ्या सुखरूप घरी जातात. यांनी ठेवलंय. आता आम्हाला ठेवू द्या.”

आत नेताना ताईने माझं मनगट धरलं. “भीती वाटतेय ग धाकटे,” ती म्हणाली. तेवढंच. मग स्वतःहून नर्सला विचारलं, “आता मी काय करायचं? सांगा.”

मुलगी झाली. वजन थोडं कमी, पण आवाज पुऱ्या दवाखान्याला पुरेल एवढा. भावजी भिंतीकडे तोंड करून रडले. माझं रडायचं राहूनच गेलं, कारण डॉक्टरीणबाई सांगत होत्या की बाळंतपणानंतरही काही दिवस रक्तदाब उसळू शकतो, आणि मी एकेक शब्द पाठ करत होते. सासूबाई माझ्या खांद्यावरून ऐकत होत्या. बाई गेल्यावर त्यांनी माझा पदर ओढला.

“काय काय बघायचं म्हणाल्या बाई? डोकं. डोळे. आणि?”

“बरगडीखाली दुखणं. सूज. धाप.”

“पुन्हा सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तर सासूबाई खाटेशेजारी खुर्ची लावून, ताईच्या चेहऱ्याकडे टक लावून बसल्या होत्या. नात पाळण्यात, तिच्याकडे लक्षही नाही. ताईने कुशीवर वळताना नुसतं “डोकं...” म्हटलं, आणि सासूबाई दाराशी जाऊन ओरडल्या, “सिस्टर! अहो सिस्टर, लवकर या!”

“आई, उशी सरकलीय फक्त,” ताई म्हणाली.

सिस्टर आली, तिने पट्टा बांधला, आकडा वाचला. ठीक होता.

“बरं केलंत आजी, हाक मारलीत,” ती म्हणाली आणि उशी नीट करून गेली.

सासूबाई माझ्याकडे न बघता खुर्चीवर बसल्या. “हसायचं असेल तर हसा दोघी,” त्या म्हणाल्या, “मी इथून हलायची नाही.”

ताई टाके धरून हसत होती.