ती ओढते

माझ्या नाकावर राग असतो, मान्य आहे. पण शेजारच्या सीटवर बसून स्वतःच्या आईला गाडी शिकवणं म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्यानेच मला नावं ठेवावीत. माझी आई छत्तीस वर्षं शिलाई करते. सुताइतकी शिवण सरकली तरी उसवून पुन्हा घालते. आणि हीच बाई स्टिअरिंग धरून बसली की गाडी डावीकडे. मी ओरडायचे, "उजवीकडे घे." ती घ्यायची, आणि दोन मिनिटांत गाडी पुन्हा डावीकडे.

"अगं, मी नाही, ती ओढते," आई म्हणायची.

"हो, आता गाडीवर खापर फोड," मी म्हणायचे.

लायसन्सच्या परीक्षेत ती ह्याच गाडीवर दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा एकाच जागी. दोन पांढऱ्या रेघांमधून सरळ जायचं असतं, तिथे तिचं डावं चाक रेघेवर चढायचं. तिसरी परीक्षा शुक्रवारी होती. बुधवारी जेवताना तिने जाहीर केलं की या वेळी जमलं नाही तर गाडीचा नाद सोडला.

तिला गाडी हवी होती मावशीसाठी. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि गुडघ्यांमुळे जिने उतरत नाही. आईला मनात येईल तेव्हा तिच्याकडे जायचं होतं, कुणाला 'सोडतेस का' असं न विचारता. ते 'कुणाला' म्हणजे मला. मी सोडते, नाही असं नाही, पण घड्याळ बघत सोडते, आणि ते तिला दिसतं.

"उद्या एकदा चाकं दाखवून घेऊ," ती म्हणाली. "माझ्या समाधानासाठी." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, तीही तोंड वाकडं करून.

पहिलं दुकान काचेचं, गार, चकचकीत. मी म्हटलं, "ती डावीकडे ओढते." टेबलामागचा माणूस खुर्चीतून हललासुद्धा नाही. चारही टायर बदलावे लागतील, खाली बरंच काम निघेल, असं त्याने बसल्या बसल्या सांगून टाकलं.

"तुम्ही गाडी बघितलीत का?" आईने विचारलं.

"वीस वर्षांचा अनुभव आहे, मावशी."

आईने पर्स उचलली. बाहेर आल्यावर म्हणाली, "माप न घेता कात्री लावतोय."

दुसरा भलताच चटपटीत होता. मशीनवर चढवतो, चाकं सरळ करून देतो, दहा मिनिटांत मोकळे, म्हणाला. आईने विचारलं, "नंतर चालवून बघता ना?"

"कशाला? मशीन सांगतं की."

"मी कपडा अंगावर घालून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही," आई म्हणाली आणि परत गाडीत जाऊन बसली.

माझं डोकं फिरलं. "तुला दुकान निवडायचंय की जावई?"

"जावई निवडताना तू मला विचारलं होतंस का?"

मी गाडी सुरू केली.

तिसरं दुकान म्हणजे बस डेपोच्या मागची पत्र्याची शेड. मालक हात पुसत स्वतःच बाहेर आला. चष्मा कपाळावर चढवलेला. मी तेच वाक्य म्हटलं, "ती डावीकडे ओढते."

"ती म्हणजे कोण?" त्याने विचारलं. "गाडी, की ह्या?"

मी आईकडे बोट दाखवलं. खोटं कशाला सांगू, दाखवलं.

"म्हणजे संशयित दोन आहेत," चष्मेवाला म्हणाला आणि कामाला लागला. आधी चारही चाकांची हवा तपासली. ती बरोबर होती. मग पुढच्या डाव्या टायरवरून आडवा हात फिरवला आणि आईला म्हणाला, "तुम्हीही फिरवून बघा."

आईने कापडाचा पोत बघावा तशी बोटं फिरवली. "आतल्या बाजूने झिजलंय. बाहेरून खरखरीत आहे."

"बरोबर. आता चालवा, मी शेजारी बसतो."

मी मागे बसले. शेडमागच्या मोकळ्या रस्त्यावर तो म्हणाला, "हात सैल सोडा, मावशी." आईने सोडले, आणि गाडी आपली आपण निवांत डावीकडे निघाली. मग त्याने आईला मागे पाठवून मला स्टिअरिंगवर बसवलं. माझ्या हातात गाडी सरळ चालली.

"बघा," मी म्हटलं.

"स्टिअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह बघा, ताई. तिरकं आहे ना? तुम्ही कायम उजवीकडे दाबून धरताय. हाताला सवय झाली, म्हणून तुम्हाला कळत नाही. यांच्या हाताला अजून गाडीची खोड लागली नाही." मग त्याने विचारलं, "ह्या चाकाला कधी दणका बसला होता का?"

मी आरसा नीट करायला लागले. गेल्या वर्षी ऑफिसच्या गेटापाशी मी हेच चाक फुटपाथच्या कोपऱ्यावर आपटलं होतं, आणि घरी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आई मागून म्हणाली, "सांग की, बसला होता का?"

"बसला होता."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या."

चष्मेवाल्याने गाडी मशीनवर घेतली, चाकं सरळ केली, त्यांच्या कोनांचे आकडे आधीचे आणि नंतरचे दोन्ही तिला दाखवले, टायर अजून वर्षभर चालतील म्हणून सांगितलं. स्वतः एक चक्कर मारून आला आणि किल्ली माझ्या नाही, तिच्या हातात दिली. मला शेजारी बसवून ती त्याच रस्त्यावर गेली आणि तिने हात सैल सोडले. गाडी सरळ. पुन्हा सोडले, पुन्हा सरळ. तिने गाडी कडेला थांबवली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"मला वाटत होतं माझा हातच गेला," ती म्हणाली. "हल्ली कात्री धरतानाही भीती वाटायची गं."

इतके दिवस मी गाडीवरून ओरडत होते, आणि ही घरी कापडासमोर घाबरत होती. "आई, चुकलं माझं," मी म्हटलं. मी हे सहसा म्हणत नाही.

शुक्रवारी ती दोन रेघांमधून अशी गेली, जशी मशीनखालून शिवण जाते. परीक्षकाने कागदावर सही केली आणि माझा जीव भांड्यात पडला. ती मात्र तो कागद हातातून सोडेना. म्हणाली, "मावशीकडे जाताना तूच चालव. येताना मी आहेच." आणि लगेच मावशीला फोन लावला.

मी निघाले. वळणापर्यंत ठीक होतं. पुढे सरळ रस्ता लागला आणि गाडी उजवीकडे जायला लागली. मी सावरली, तर पुन्हा उजवीकडे.

"डावीकडे घे," आई म्हणाली.

"घेतेय ना."

फोनवर मावशीने काय झालं असं विचारलं असावं. आई सीटवर मागे रेलली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "गाडी एकदम सरळ आहे. आता ती ओढते."