सांडलेलं मुन्कोयो

"लॅक्सन, गाडी बंद कर. ती आपल्याकडेच बघतेय," मागून स्वयंपाकी बार्नाबास कुजबुजला.

गाडी कधीच बंद झाली होती. समोर वाटेत हत्तीण उभी होती, तिच्या पोटाआड पिल्लू. मागे वळायला जागा नव्हती, दोन्हीकडे मोपेनची दाट झाडी.

मोसम संपला होता. लुआंग्वा नदीच्या काठचा सफारी कॅम्प बंद करण्याआधी मालकाने नोकरांना एक दिवस गाडी दिली होती. पाहुण्यांच्या चादरी धुण्यात आणि त्यांना जेवू घालण्यात यांची वर्षं गेली, जंगल मात्र बघायचं राहिलं होतं. लॅक्सन पाहुण्यांना फिरवणारा ड्रायव्हर, त्यामुळे सगळे निर्धास्त. गेल्या वर्षी एका सुळेवाल्या हत्तीने त्याची गाडी पुढून उचलून आपटली होती. तेव्हापासून रोज सकाळी किल्ली हातात घ्यायची त्याला भीती वाटे. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

हत्तिणीने कान पसरले आणि ती थेट बॉनेटपाशी आली. तिची सोंड काचेवरून फिरली. लॅक्सनच्या मांड्यांमध्ये काहीतरी गरम पसरत गेलं. ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं.

मग तिने धूळ उडवली, पिल्लाला पुढे घातलं आणि झाडीत शिरली.

"पापणी हलली नाही गड्याची," बार्नाबास म्हणाला. "दगड आहे दगड. चल, आता नदीवर जेवू."

नदी आली. मागचे उतरू लागले. लॅक्सनला उठवेना. शेजारी धोबीण एस्नात मावशी बसली होती. वाटभर तिने त्याला चिडवलं होतं. आता तिची नजर एकदाच खाली गेली. पायाशी मुन्कोयोचा, मक्याच्या आंबट पेयाचा, डबा होता. तिने तो उचलला, झाकण काढलं आणि सगळा त्याच्या मांडीवर ओतला.

"गेलं बाई. हातात जोरच राहिला नाही."

"मावशी, माझ्या हातचं मुन्कोयो ते," बार्नाबास कळवळला. "आता काय नदीचं पाणी पिऊ?"

"पी की. मगरींना विचारून पी."

सगळे हसत खाली गेले. तिने खांद्यावरचं फुलाफुलांचं कापड सोडून लॅक्सनला दिलं. "हे गुंडाळ. पँट इकडे दे."

गाडीआड कपडे बदलताना तो खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, गेल्या वर्षापासून हे..."

"ठाऊक आहे. तुझे कपडे कोण धुतं?"

"जाताना दुसऱ्या कुणाला..."

"दुसऱ्या कुणाला येतं चालवायला? आधी जेव, मग बघू."

कमरेला बायकी कापड गुंडाळून तो नदीकाठी पेटवलेल्या चुलीपाशी आला. हशा पिकला. बार्नाबास हात पसरून हत्तिणीचे कान दाखवत होता. मध्येच त्याने विचारलं, "खरं सांग, जरासुद्धा घाबरला नाहीस?"

"घाबरलो," लॅक्सन म्हणाला. "फार घाबरलो."

सगळे आणखीच हसले. एस्नात मावशी पँट पिळून झुडपावर टाकून आली, ओले हात पुसत त्याच्या शेजारी बसली आणि माशाचा मधला तुकडा तिने त्याच्या ताटात सरकवला.