पुढील सूचना मिळेपर्यंत

सातव्या ओळीतल्या ‘सक्षमीकरण’चा क्ष अर्धा उतरला आणि पेंटरने ब्रश डब्यात सोडला. शिडीवर उभ्याउभ्याच त्याने खिशातला कागद काढून पुन्हा वाचला. कागद नगर कार्यालयातल्या साहेबांनी दिलेला. वर मथळा होता, ‘आपले शहर, आपली सूचना : नागरिकांच्या निवडक दहा कल्पना’, आणि खाली दहा ओळी. कार्यालयाच्या लांबलचक भिंतीवर त्या वीतभर उंचीच्या अक्षरांत रंगवायच्या होत्या. सातवी ओळ अशी होती : ‘वाचनालयाचे सक्षमीकरण व सुशोभीकरण.’

सहा ओळी त्याने मुकाट्याने उतरवल्या होत्या. सातवीपाशी हात अडला, कारण ती त्याच्या घरची होती.

दोन महिन्यांपूर्वी याच कार्यालयाच्या सभागृहात शहरातल्या लोकांना बोलावून चिठ्ठ्या वाटल्या होत्या. शहर सुधारायला काय करावं ते लिहा, म्हणाले. लोकांनी लिहिलंही भरभरून. एका बाईने लिहिलं होतं की बसथांब्याजवळच्या स्वच्छतागृहाची कडी बाहेरून आहे, ती आतून बसवा. एका म्हाताऱ्याने लिहिलं, खड्डे बुजवणं होत नसेल तर निदान त्यांना नंबर द्या, पत्ता सांगायला बरं पडतं. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या गेल्या तेव्हा सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. आता पेंटरच्या कागदावर कडीचं ‘स्वच्छता सुविधांचे संवर्धन’ झालं होतं आणि खड्ड्यांचं ‘मार्ग ओळख प्रकल्प’.

त्याच्या मुलीची चिठ्ठी एका ओळीची होती. वाचनालय पाचऐवजी रात्री नऊपर्यंत उघडं ठेवावं.

एवढंच. तिला दुसरं काही नको होतं. औषधांच्या दुकानात ती सहापर्यंत उभी असायची. घर म्हणजे एक खोली, त्यात बापाच्या रंगांचे डबे आणि थिनरचा वास. खाली पत्रा कापायचं दुकान, ते नऊपर्यंत असं किंचाळायचं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येऊ नये. आणि भूमापन खात्याची परीक्षा अकरा आठवड्यांवर आलेली. वयाच्या अटीत बसणारी तिची ही शेवटची. यात झालं तर इथेच, याच शहरात पक्की नोकरी. नाहीतर औषधांच्या पट्ट्या कापत बसायचं किंवा दूरच्या मावशीकडे जाऊन नशीब काढायचं.

चिठ्ठी लिहिताना तिने वर ‘सुचना’ असं लिहिलं होतं, सगळे लिहितात तसं. पेंटरने ती तिच्या हातातून काढून घेतली होती.

“सू दुसरा. दीर्घ.”

“बाबा, कोण बघतंय उकार?”

“सुचणं ऱ्हस्व, सूचना दीर्घ. चुकीचं लिहिलं की माणसं मुळात मनावरच घेत नाहीत.”

बत्तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. दुकानदार ‘आशिर्वाद’ लिहून द्यायचे, हा ‘आशीर्वाद’ रंगवायचा. त्यावरून भांडणंही झाली. पुढे छापील फलकांची यंत्रं आली, गिऱ्हाइकं पांगली, पण उरलेल्या कामात त्याने एक उकार चुकू दिला नाही. त्या दिवशीही त्याने नवी चिठ्ठी मागून घेतली, मुलीकडून शुद्ध लिहवून घेतली आणि स्वतः पेटीत टाकली.

तो शिडी उतरला, हात पुसले आणि तसाच साहेबांच्या खोलीत गेला. साहेब मनाने वाईट नव्हते. भला माणूस, फक्त त्यांच्या खुर्चीत बसल्यावर भल्या माणसालाही जे होतं ते त्यांना झालेलं.

“काय पेंटर, संपली भिंत?”

“सातवी ओळ, साहेब. वाचनालय नऊपर्यंत उघडं ठेवा, अशी सूचना होती.”

“हो, निवडली ना आपण! साडेतीनशे चिठ्ठ्यांतून दहा. कुणाची होती?”

“माझ्या मुलीची.”

“अरे वा! अभिनंदन!”

“पण यात नऊपर्यंत कुठंय?”

साहेबांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. “ते सक्षमीकरणात आलं.”

“सक्षमीकरणात नऊ वाजतात का, साहेब?”

साहेब हसले. विनोद आवडला त्यांना. मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघा, वेळ वाढवायची म्हणजे माणूस वाढवावा लागतो. माणूस वाढवायचा अधिकार आमच्याकडे नाही, वर आहे. सुशोभीकरणाचा आमच्याकडे आहे. जे हातात आहे ते करतोय. आणि तुमचाच फायदा. आतल्या भिंतीही तुम्हीच रंगवायच्या, आणि दारावरची पाटीही.”

त्यांनी टेबलावरून दुसरा कागद पुढे सरकवला. पेंटरने वाचला. ‘सुशोभीकरणासाठी वाचनालय सोमवारपासून बंद. पुढील सुचना मिळेपर्यंत.’

त्याने तो दोनदा वाचला. भीक नको पण कुत्रा आवर, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

“रंगकाम चार दिवसांचं आहे, साहेब. पाचव्या दिवशी उघडता येईल.”

“उद्घाटन नको का? पाहुणे ठरायचेत. मोठ्या माणसांच्या तारखा काय अशा मिळतात? तीन महिने लागतील, चारही लागतील. वाचनालयाच्या बाईंना तोवर दाखल्यांच्या खिडकीवर बसवलंय.” साहेबांनी खण उघडून एक किल्ली काढली. “ही असू द्या तुमच्याकडे. आणि काम झाल्यावरही रोज संध्याकाळी जाऊन खिडक्या उघडत जा. वास जायला हवा. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना रंगाचा वास नको.”

पेंटरने किल्ली घेतली. बाहेर येऊन क्ष पूर्ण केला, मग मीकरण, मग सुशोभीकरण. अक्षरं नेहमीसारखी देखणी आली. त्याचाच त्याला राग आला.

घरी त्याने पाटीचा पत्रा भिंतीला टेकवून ठेवला आणि मुलीला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही. सात वाजता ती आली, चप्पल काढता काढता तिची नजर पत्र्यावर टाकलेल्या पेन्सिलीच्या रेघांवर गेली. ‘वाचनालय’ आणि ‘बंद’ एवढं वाचायला पुरे होतं. खाली पत्र्याचं यंत्र सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. मधल्या शांततेत ती म्हणाली,

“पाचपर्यंत तरी उघडं होतं. रविवारी सकाळी जाऊन बसत होते.”

“साहेब म्हणाले, वेळ वाढवणं त्यांच्या हातात नाही.”

“बंद करणं बरं हातात आहे.” ती खाली बसली. “हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागितलं नसतं तर रविवार तरी राहिला असता. सूचना माझी, पाटी तुमच्या हातची. छान.”

“काम आहे, पोरी. मी नाही रंगवली तर यंत्रावर छापून आणतील.”

“आणू दे ना मग!”

एवढं बोलून ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली, कानात कापूस घालून. वरखाली करणारी माणसं तिला ओलांडून जात होती आणि प्रत्येक वेळी ती पाय आखडून घेत होती. पेंटर दारातून हे बघत राहिला. बत्तीस वर्षं गावभर लोकांची नावं मोठी करून लिहिली आणि स्वतःच्या पोरीला बसायला चार फूट जागा देता आली नाही, हे त्याला फार लागलं.

मग त्याने पाटी रंगवायला घेतली. काळ्यावर पांढरं. ‘पुढील’ झालं. ‘स’ काढला. उकाराशी ब्रश थांबला. हात सवयीने दीर्घाकडे वळत होता. त्याने साहेबांचा कागद पुन्हा पाहिला, आणि कागदावर होता तसाच पहिला उकार काढला.

सोमवारी सकाळी पाटी दाराला लागली. कामावर जाताना मुलगी तिथून गेली, पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. दोन दिवस ती बापाशी धड बोलली नव्हती. पण अखेर त्याचीच मुलगी.

“बाबा, सु चुकलाय.”

“कागदात तसाच होता.”

“तुम्ही कागदातलं कधीपासून उतरवायला लागलात?”

“आपण दीर्घ लिहून दिली होती. काय झालं तिचं?” पेंटर शेवटचा खिळा ठोकत म्हणाला. “ही सुचण्यातली. ज्याला जेव्हा सुचेल तेव्हा मिळेल.”

ती खांद्यावरची पिशवी सावरून निघून गेली.

आत टेबलं मधोमध ओढून ठेवली होती, पुस्तकांच्या कपाटांवर प्लास्टिक घातलं होतं. पेंटरने चार दिवसांचं काम चार दिवसांतच केलं. रेंगाळणं त्याच्या हाताला जमत नव्हतं. पहिला हात, दुसरा हात, खिडक्यांच्या चौकटी. रोज दुपारी कुणी ना कुणी दार ठोठावायचं. खड्ड्यांना नंबर मागणारा म्हातारा तर रोज यायचा. त्याचं घरी सुनेशी पटत नसे. वाचनालयातलं वर्तमानपत्र हाच त्याचा दिवस होता. पाटी वाचून तो विचारायचा, “कधीपर्यंत?” आणि पेंटर म्हणायचा, “पाटीवर लिहिलंय तेवढंच मला माहीत.” असं म्हणताना आपणही खुर्चीतले साहेब झालो आहोत असं वाटून त्याला स्वतःचीच चीड यायची.

गुरुवारी संध्याकाळी शेवटची चौकट झाली. त्याने ब्रश धुतले, प्लास्टिक काढलं, सांगितल्याप्रमाणे खिडक्या उघडल्या. वारा आत आला. इथे पत्र्याचं दुकान नव्हतं. मधोमध ओढलेल्या टेबलांवर वरचा दिवा नीट पडत होता. पेंटर त्या दिव्याकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याने दाराला कुलूप घातलं आणि भराभर चालत औषधांच्या दुकानापाशी गेला. सहाला पाच मिनिटं होती.

मुलगी पिशवी घेऊन बाहेर आली. बापाला पाहून दचकली.

“काय झालं? बरं आहे ना?”

“वाचनालयाच्या खिडक्या उघडायच्यात रोज. साहेबांचा हुकूम आहे. वास जायला हवा.”

“मग उघडा.”

“उघड्या खिडक्या टाकून जाता येत नाही. पुस्तकं आहेत आत, माझे डबे आहेत. कुणीतरी बसून लक्ष ठेवायला हवं.” तो रस्त्याकडे बघत बोलत होता. “वास काही तासाभरात जात नाही. नऊ तरी वाजतात.”

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा थोडा हलला, पण ती हसली नाही. इतक्यात विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती. चालत गेल्यावर, कुलूप निघाल्यावर, दिव्याखालचं टेबल बघितल्यावर तिने पिशवी खाली ठेवली. पुस्तक काढलं, वही काढली, खुर्ची ओढली. जरा वेळाने पेंटरने हाक मारली तर तिला ऐकूही गेली नाही.

तो बाहेर पायरीवर येऊन बसला. डोक्यावर त्याचीच पाटी होती. चूक त्याला खालूनही दिसत होती, आणि आज ती डोळ्यांत खुपत नव्हती.

थोड्या वेळाने म्हातारा आला. नेहमीसारखी त्याने पाटी वाचली, मग उघड्या खिडक्यांकडे पाहिलं, मग आतल्या दिव्याकडे. त्याच्यामागे एक बाई येऊन थांबली होती, कामावरून परतलेली, खांद्यावरच्या पिशवीतून जाड वहीचा कोपरा डोकावत होता. स्वच्छतागृहाची कडी आतून मागणारी ती हीच असावी असं पेंटरला वाटलं, पण त्याने विचारलं नाही.

“बंद आहे ना?” म्हाताऱ्याने विचारलं.

“हो, बंदच आहे. पाटी आहे की.”

“मग आत कोण आहे?”

पेंटर उठला. पायरीवरचा रंगाचा डबा उचलून त्याने बाजूला ठेवला, दोघांना जाता येईल एवढी वाट झाली. भिंती कालच खडखडीत वाळल्या होत्या.

“आत रंग ओला आहे,” तो म्हणाला. “भिंतीला टेकू नका.”