घरातली एक

मोहाचं फूल पहाटेपासून गळतं. ज्याचं झाड त्यानं उन्हाआधी वेचलं नाही, तर शेळ्या फडशा पाडतात. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याला चैतात बाई मेली तरी टोपली भरूनच मरते, असं लोक हसत म्हणतात.

सुगंधाबाईची पाळी जाऊन वर्षं लोटली होती, अन् आता अंगावरून पुन्हा लाल जात होतं. ठाऊक एकट्या सुनेला, रेशमाला. कुडावर वाळणाऱ्या चिंध्या तीच उचलायची.

गावात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आली. "तू जाय," सासू वेचता वेचता म्हणाली. "घरमाईन एक गयी म्हंजे बठ्ठं घर गयं."

रेशनला एक जाते, ग्रामसभेला एक जाते. तशी रेशमा गेली. नर्सबाईंनी आत शिरका लावून पाहिलं, पांढरा डाग उठला नाही, म्हणजे काही निघालं नाही. तिनं चिंध्यांचं सांगितलं तशा त्या थबकल्या.

"सासूला पाठव. तुझ्यावरून त्यांचं कसं कळेल गं?"

रेशमा झाडाखाली परतली. "माय, आते तू जाय. मी येचस."

"तुनं चांगलं निंघनं ना?"

"मनं निंघनं. तुनं नही."

"मरानं वय मनं. आते काय दखाडानं?"

"मंग आजपाईन तुन्या चिंध्या तूच उचल."

सुगंधाबाईनं टोपली खाली ठेवली.

तपासून ती परतली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बसून उरलेली फुलं वेचू लागली.

"काय सांगं बाईनी?"

"गाठ शे म्हने. धुळाले जावानं. तपासाले गाठना तुकडा काढतीन."

रेशमाला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बोटं चिकट झाली होती, ती तिनं लुगड्याला पुसली.

"मंग?"

"मंग काय. आजून आठ दिन झाड झडी. तू जाय ना धुळाले. घरमाईन एक गयी म्हंजे झायं."

सासू थट्टा करत नव्हती.

रेशमा उठली. जवळच खुंट्याला बांधलेल्या घरच्या दोन्ही शेळ्या तिनं सोडल्या. त्या सरळ मोहाखाली घुसल्या.

"अवं, बठ्ठं खाई टाकतीन."

"खाऊ दे. चाल, दुपारनी बस शे."

सुगंधाबाई शेळ्यांकडे बघत राहिली. मग टोपली उपडी केली, तळाला चिकटलेलं एक फूल काढून तोंडात टाकलं, अन् चप्पल शोधू लागली.