जागा राहीन म्हणालो

"पप्पा, सरळ झोपून जा ना. ते ठोकाठोकीचे आवाज कशाला ऐकायचे?" मारिउक्सी म्हणाली.

माझी मुलगी आईवर गेली आहे. विचारते तेव्हा उत्तर तिने आधीच ठरवलेलं असतं.

मांता शहरातल्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर सांब्रानो बाईंसमोर आम्ही बसलो होतो. मी एका बाजूला कलून. कमरेतली चकती सरकून नस दाबली गेली होती आणि डावा पाय माझं ऐकेनासा झाला होता, म्हणून ऑपरेशन ठरलं होतं.

बाईंनी दोन्ही प्रकार नीट सांगितले. पूर्ण भूल दिली तर घशात नळी, श्वासाचं काम यंत्राकडे, मला काही कळणार नाही. मणक्यात सुई देऊन भूल दिली तर कमरेखाली बधिर, वर जागा. "तुम्हाला दोन्ही चालतील, डॉन ओलेगार्यो. फक्त जागं राहायचं तर सगळा वेळ पालथं पडून राहावं लागेल. लोक घाबरतात."

"बाई, मी मोंतेक्रिस्ती गावचा. गवती काडीच्या टोप्या विणतो."

त्या हसल्या. आमच्याकडे बारीक विणीची टोपी ताठ बसून विणत नाहीत. लाकडी ठोकळ्यावर उशी ठेवायची, उशीवर छाती टेकायची आणि ओणवं होऊन विणायचं. तेही पहाटे किंवा ढगाळ दिवशी, कारण उन्हात काडी सुकून मोडते. माझी बायको एतेल्विना आणि मी समोरासमोर ओणवे असायचो. आमची भांडणंही तशीच झाली, एकमेकांचं तोंड न बघता.

"तिथंच कमर गेली तुमची," मारिउक्सी म्हणाली.

"तुझी शाळाही तिथूनच झाली."

"पूर्ण भुलीतून उठणार नाही असं वाटतं का?" बाईंनी विचारलं.

"नाही. उठेन की."

"मग?"

मुलीसमोर बोलायचं नव्हतं. तिला कॉफी आणायला सांगितलं. ती जागची हलली नाही.

"एतेल्विनाला जाऊन वर्ष होईल," मी म्हणालो. "सकाळी जाग येते तेव्हा थोडा वेळ मला ते ठाऊकच नसतं. हाक मारतो, कॉफी ठेव म्हणून. मग आठवतं. रोज सकाळी ती पुन्हा जाते, बाई. ते सकाळी एकदा होतं तेवढं पुरे. भुलीतून उठून दुपारी आणखी नको."

मारिउक्सी खिडकीबाहेर बघत होती. "मला का नाही सांगितलंत?"

"रागावली असतीस."

"असतेच."

"मणक्यातूनच देऊ," बाई म्हणाल्या. "गुंगीचं औषधही तुम्ही मागाल तरच."

मग तो दिवस आला. मी पालथा, हात डोक्याशी. मागे माझ्या पाठीवर सुतारकाम चाललं होतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या घरी चालल्यासारखं. बाई माझ्या उशाशी स्टुलावर बसल्या.

"बोलत राहा. बायको कशी होती?"

"भांडकुदळ."

"ते मुलीवरून कळलं."

"मी तंबाखू आणायला गेलो की माझ्या ओळी उसवायची. सैल विणतो म्हणायची. विचारलं तर म्हणायची, तूच पिऊन विणलंस, तुला आठवत नाही."

"पीत होता?"

"कधीतरी. म्हणून तर शपथ घेता यायची नाही."

मागून कुणीतरी हसलं. थोड्या वेळाने बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "बोटं हलवू नका."

बघितलं तर बोटं चादरीवर विणत होती. "तिनं उसवलेलं पुन्हा घालतोय," मी म्हणालो.

वॉर्डात आणलं तेव्हा पाय अजून परका होता. मारिउक्सी खुर्चीतच झोपली होती, मान एका बाजूला टाकून. पहाटेपासून उभी होती बिचारी. खाटेच्या आवाजाने ती चाळवली.

"आई," ती डोळे न उघडताच म्हणाली, "पप्पांनी काही खाल्लं का गं?"

मग डोळे उघडले. भिंत, सलाइन, मी. तिच्या तोंडावर ते येताना मला दिसलं. रोज सकाळी माझं तोंड कसं होतं, ते मी कधी बघितलं नव्हतं.

हात पोचेल तेवढा पुढे केला. तिची बोटं हाताला लागली, ती धरली.

"सूप प्यालो गं," मी म्हणालो. "चांगलं होतं."

सूप अजून यायचं होतं.