नाव घातलेला डबा

महापालिकेने चारकोपला जुन्या वस्तूंचं दुकान उघडलं आणि क्षमाने पहिल्याच आठवड्यात माळ्यावरचा मोठा स्टीलचा डबा तिथे देऊन टाकला. आमच्या घरचं काही देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर जाणार नाही, असं सोसायटीतल्या दोघीतिघींना ऐकवूनही झालं.

शनिवारी नणंदेचा, मालनवन्संचा फोन आला. "उद्या जेवूक येतंय गो. लाडू करतंय. माझो तो बारशाचो डबो काढून ठेव, त्यात भरूया."

वन्संना हवा होता तो नेमका देऊन टाकलेलाच डबा. त्या डब्यावर नाव घातलेलं होतं : ‘चि. मधुवंतीच्या बारशाला, मालन आत्याकडून.’ आणि वन्संचा रुसवा एकदा सुरू झाला की पुढच्या गणपतीपर्यंत टिकतो.

तशीच ती लेकीला घेऊन दुकानात निघाली.

"आई, तूच दिलास ना डबा? मग परत का आणायचा?" मधुवंतीने विचारलं.

"त्यालाच पुनर्वापर म्हणतात. चल भरभर."

दुकानातले विद्याधर हसले. "नाव घातलेला ना? नावाची भांडी मी लगेच मांडतच नाही, ताई. घरचे परत येतातच. पण नियम आहे हां, इथे पैसे चालत नाहीत. एक वस्तू द्या, एक घ्या."

ते डबा आणायला आत गेले. क्षमा पर्समध्ये काही देण्याजोगं शोधत होती, तेवढ्यात शेजारी कुणीतरी पिशवीतून भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मधुवंतीला हल्ली दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय लागली होती. "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, क्षमा व नंदकिशोर. आई, हे तर तुझं नि बाबांचं नाव! अय्या, आत्या!"

मालनवन्संनी पदर सावरला. नेमके तेव्हाच विद्याधर डबा घेऊन बाहेर आले.

"ह्यो डबो हयसर कसो?" वन्सं म्हणाल्या.

"आणि घड्याळ इथे कसं, वन्सं?"

दोघीही भिंतीवरची सूचना वाचू लागल्या.

"घड्याळ मागे पडता ता," शेवटी वन्सं पुटपुटल्या.

"डबा जरा मोठा पडतो," क्षमा म्हणाली.

"मग घड्याळ देऊन डबा घ्या ना," मधुवंती म्हणाली. "एकाला एक!"

आधी वन्सं हसल्या, मग क्षमा. विद्याधरांना घड्याळ हवंच होतं, आणि डबा वन्संच्या पिशवीत गेला. विद्याधरांनी ते दारासमोरच लावलं. आता चारकोपातला जो तो दुकानात शिरताना क्षमाचं नाव वाचतो आणि वेळ मात्र मोबाइलवर बघतो.

रविवारी वन्संनी लाडवांनी भरलेला डबा ओट्यावर ठेवला.

"खाऊन झाल्यार डबो परत धाड. रिकामो धाडू नको हां," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत ता दुकान लागता, थंय वळू नको."